खेळण्यातल्या आगगाडीचा खटला : युक्ती सांगणाऱ्यांची शंभर वर्षे (धागा)

१/ १३ ऑगस्ट २००८ रोजी अमेरिकेतील फेडरल सर्किट या अपील न्यायालयाने एक निकाल दिला. तुमच्या हातातला फोन, बँकेचा संगणक, महाविद्यालयाचे संकेतस्थळ यांच्यामागे जे मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर चालते, त्याच्या परवान्यांना कायद्याचे बळ देणाऱ्या निकालांत याचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. हा खटला उद्भवला होता मॉडेल रेल्वेच्या छंदातून. घरातल्या खोलीत, टेबलावर धावणाऱ्या छोट्या आगगाड्यांतून.

२/ न्यायालयापुढचा प्रश्न साध्या मराठीत असा मांडता येईल : एखाद्याने आपली युक्ती सर्वांना फुकट दिली, तर तिच्यावर त्याचा काही हक्क उरतो का? मॉडेल रेल्वेच्या छांदिष्टांपुढे हा प्रश्न अचानक आला नव्हता. ‘मी हे कसे केले’ हे एकमेकांना सांगण्याची त्यांची परंपरा तोवर शंभर वर्षांची झाली होती. आज त्या परंपरेचा इतिहास पाहू. धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

३/ आधी छंदाचे स्वरूप. मॉडेल रेल्वे म्हणजे खऱ्या रेल्वेची ठरावीक प्रमाणात केलेली चालती प्रतिकृती. आज सर्वाधिक प्रचलित असलेल्या ‘एचओ’ प्रमाणात खऱ्या रेल्वेचा एक फूट ३.५ मिलिमीटरचा होतो, म्हणजे प्रमाण साधारण १:८७. वीस मीटरचा डबा तेवीस सेंटिमीटरचा होतो आणि दोन रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर भरते. हे सारे उभे करायला सुतारकाम, वीजजोडणी, धातुकाम, रंगकाम आणि निसर्गाचे निरीक्षण या सगळ्यांची गरज पडते. एका माणसाला हे सारे येत असणे दुर्मीळ. त्यामुळे या छंदात दुसऱ्याला विचारण्यावाचून गत्यंतर नसते.

४/ सुरुवातीला मात्र विचारण्यापेक्षा विकत घेण्याचा मार्ग रूढ होता. जर्मनीच्या मेर्कलिन कंपनीने १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत चावीवर चालणारी गाडी, तिचे रूळ आणि ठरावीक मापे अशी एक संपूर्ण पद्धतच मांडली. इंग्लंडमध्ये नॉर्थॅम्प्टनच्या बॅसेट-लोक कंपनीने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर टपालाने माल पाठवण्याचा व्यवसाय उभा केला. तिच्या सूचिपत्रांतली इंजिने देखणी आणि महाग असत. सधन घरातल्या मुलाला ती मिळत. गिरणीतल्या किंवा कचेरीतल्या नोकराच्या मुलाने सूचिपत्रातली चित्रे पाहून समाधान मानावे, अशी स्थिती होती.

५/ याच काळात दुसरा प्रवाह सुरू झाला. १८९८ मध्ये लंडनमध्ये पर्सिव्हल मार्शल यांनी ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक काढले. १९०९ मध्ये हेन्री ग्रीनली यांच्या संपादनाखाली केवळ मॉडेल रेल्वेला वाहिलेले मासिक निघाले. १९१० मध्ये लंडनमध्ये ‘मॉडेल रेल्वे क्लब’ स्थापन झाला. तो जगातील सर्वांत जुना मॉडेल रेल्वे क्लब समजला जातो. आता माणसे एकमेकांना कृती सांगू लागली. अडचण एवढीच होती की या कृती बहुधा ‘लेथवर इतक्या व्यासाचा तुकडा कातून घ्या’ अशा धर्तीच्या असत, आणि घरी लेथ असणारे वाचक थोडे.

६/ चित्र पालटले ते १९३०च्या दशकात, जागतिक मंदीच्या ऐन भरात. अमेरिकेत १९३३ मध्ये ‘मॉडेल क्राफ्ट्समन’ सुरू झाले. जानेवारी १९३४ मध्ये मिलवॉकी शहरात अल कॅल्म्बाक यांनी ‘मॉडेल रेलरोडर’ चा पहिला अंक काढला. हे मासिक आजही निघते. बेकारीच्या काळात छंदाची मासिके काढणे हा वेडेपणा वाटेल. पण अशा काळात विकत घेण्याजोगा माल परवडत नाही आणि टाकाऊ वस्तूंतून काय करता येईल, याची माहिती मौल्यवान ठरते. मासिकाचा अंक इंजिनापेक्षा कितीतरी स्वस्त होता.

७/ देवाणघेवाण वाढली तशी एक गैरसोय उघडी पडली. एका कारखानदाराची चाके दुसऱ्याच्या सांध्यावर घसरत. याचा डबा त्याच्या डब्याला जोडता येत नसे. मी माझ्या रुळांवर बसवलेली युक्ती तुमच्या रुळांवर निरुपयोगी ठरे. म्हणजे युक्ती दुसऱ्याला देण्यासाठी आधी दोघांची मापे एक असायला हवीत. यासाठी १९३५ मध्ये मिलवॉकीलाच छांदिष्ट आणि उत्पादक एकत्र आले आणि ‘नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन’, म्हणजे एनएमआरए, ही संस्था जन्मली. रुळांमधले अंतर, चाकांची जाडी, चाकाच्या आतल्या कडेची उंची, सांध्यातली फट यांची प्रमाणे तिने ठरवून दिली.

८/ या संस्थेकडे कोणतीही सरकारी सत्ता नव्हती. प्रमाण न पाळणाऱ्याला दंड करण्याचा अधिकार तिला नव्हता. तिचे सर्वांत परिणामकारक साधन म्हणजे हातात मावणारी, कडांना खाचा पाडलेली धातूची एक चपटी पट्टी. चाकांची जोडी खाचेत नीट बसली तर चाके योग्य. पट्टीचे दात रुळांमध्ये बसले तर रूळ योग्य. कोणताही ग्राहक अर्ध्या मिनिटात उत्पादकाचा माल पारखू शकत होता. मोजण्याचे साधन ग्राहकाच्या हाती आल्यावर काय घडते, याचे हे लहानसे पण बोलके उदाहरण आहे.

९/ प्रमाण वेळीच ठरले नाही तर काय होते, हे पाहायचे असेल तर ब्रिटनकडे पाहावे. तिथली खरी इंजिने आकाराने लहान. ३.५ मिलिमीटरच्या प्रमाणात त्यांच्या पोटात त्या काळच्या विजेच्या मोटारी मावेनात. तेव्हा इंजिन ४ मिलिमीटरच्या प्रमाणात मोठे केले आणि रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचेच ठेवले. हेच ‘डबल-ओ’. हिशेबाने रूळ सुमारे १८.८३ मिलिमीटरचे हवेत, म्हणजे गाडी ऐसपैस आणि रूळ आखूड. काटेकोर छांदिष्टांनी पुढे वेगळी प्रमाणे काढली आणि गट पडले. मोटारी लहान झाल्या, कारण संपले, तडजोड मात्र आजही टिकून आहे.

१०/ लेथ नसलेल्या वाचकाचा खरा कैवारी ठरला एक स्कॉटिश धर्मोपदेशक. रेव्हरंड एडवर्ड बील यांचे ‘द क्राफ्ट ऑफ मॉडेलिंग रेल्वेज’ हे पुस्तक १९३७ मध्ये आले. पुठ्ठा, कागद, लाकडाच्या पट्ट्या, तार अशा घरात सहज सापडणाऱ्या वस्तूंवर त्यांचा भर होता. बील यांनी छंदाचा प्रवेशशुल्कच कमी केला, असे म्हणता येईल. कात्री आणि सरस असलेला कोणीही आता आत येऊ शकत होता.

११/ त्यांच्यानंतरचे महत्त्वाचे नाव जॉन अहर्न. लंडनमध्ये विमा क्षेत्रात नोकरी करणाऱ्या या गृहस्थांनी ‘मॅडर व्हॅली’ नावाची काल्पनिक दरी घडवली. तोवर बहुतेकांच्या टेबलावर फक्त रूळ आणि गाड्या असत. अहर्न यांनी गावे, झाडे, पूल आणि घरे यांना गाडीइतकेच महत्त्व दिले, आणि भिंत कशी रंगवावी, कौले कशी कापावीत हे लेखांतून व पुस्तकांतून लिहून ठेवले. मॅडर व्हॅली आज ऑक्सफर्डशायरमधील पेंडन संग्रहालयात जपलेली आहे. तिच्या भिंतींच्या आत काय आहे हे पुस्तकात वाचता येते, त्यासाठी ती उघडून पाहावी लागत नाही.

१२/ दुसऱ्या महायुद्धात खेळण्यांसाठी धातू मिळेनासा झाला. अमेरिकेच्या लायोनेल कंपनीने १९४२ मध्ये गाड्यांचे उत्पादन थांबवले आणि १९४३ मध्ये चक्क कागदी आगगाडी विकायला काढली. सुटे भाग पुठ्ठ्यातून काढून जोडायचे. ती जोडायला इतकी किचकट होती की तिच्याबद्दलच्या तक्रारी संग्राहकांच्या जगात आजही ऐकू येतात. पुठ्ठ्याचे काम बील आणि अहर्न यांचे वाचक वर्षानुवर्षे करत होतेच. फरक साहित्यात नव्हता, सांगण्याच्या पद्धतीत होता.

१३/ तेव्हा सांगण्याची ती पद्धत निरखून पाहू. इतिहासाच्या विद्यार्थ्याला बखर, पत्रे, फर्माने हे लेखनप्रकार ओळखता येतात. ‘कृतिलेख’ हाही तसाच एक प्रकार आहे. आधी साहित्याची यादी, मग पायऱ्यांचा क्रम, सोबत मापांसह आकृती, आणि जिथे हात हमखास चुकतो तिथे सावधगिरीची सूचना. शेवटी लेखकाचे नाव. त्याचा सर्वांत मोठा गुण असा की तो पडताळून पाहता येतो. वाचकाने तसेच करून पाहिले आणि झाले नाही, तर पुढच्या अंकात त्याचे पत्र येते. लेखकाची प्रतिष्ठा त्याच्या पदवीवर अवलंबून नसते. इतरांच्या हातून ती गोष्ट साधते की नाही, यावर असते.

१४/ काही कृती विचारांच्याही असत. न्यू ऑर्लिन्सच्या फ्रँक एलिसन यांनी १९४४ मध्ये ‘मॉडेल रेलरोडर’ मधून एक लेखमाला लिहिली. त्यांचे म्हणणे असे की टेबलावरची मांडणी हा रंगमंच आहे, गाड्या ही पात्रे आणि वेळापत्रक हे कथानक. गोल गोल फिरणारी गाडी पाच मिनिटांत कंटाळा आणते. तिला माल उचलायचा आहे, वेळेत पोहोचायचे आहे, समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायची आहे, असे ठरवले की खेळात जीव येतो. आज जगभर छांदिष्ट वेळापत्रक लावून जी ‘संचालन सत्रे’ भरवतात, त्यांच्या मुळाशी एलिसन यांचे लेख आहेत.

१५/ आता एक कृती सविस्तर पाहू. लिन वेस्टकॉट हे १९६१ ते १९७७ या काळात ‘मॉडेल रेलरोडर’ चे संपादक होते. त्यांनी टेबलाचा सांगाडा बांधण्याची ‘एल-गर्डर’ पद्धत प्रचारात आणली. एक फळी उभी धरायची, तिच्या वरच्या कडेला एक अरुंद पट्टी आडवी चिकटवून स्क्रूने आवळायची. बाजूने पाहिल्यास उलट्या ‘एल’ सारखा आकार दिसतो. अशा दोन तुळया पायांवर ठेवायच्या आणि त्यांच्यावर आडवे दांडे टाकायचे. दांडे बसवणारे स्क्रू मात्र खालून, त्या पट्टीतून वर घालायचे.

१६/ खालूनच का? वर एकदा डोंगर आणि रूळ झाले की वरून बसवलेला स्क्रू कायमचा गाडला जातो. खालचा स्क्रू केव्हाही काढता येतो. दांडा चार बोटे सरकवता येतो, रुळांची दिशा बदलता येते. शिवाय दांडे एकाच लांबीचे किंवा काटकोनातच कापलेले असण्याची गरज नसते. म्हणजे सुतारकामात कच्चा असलेला माणूसही भक्कम सांगाडा बांधू शकतो, आणि नंतर मन बदलण्याचे स्वातंत्र्यही राखतो. हातात कौशल्य नाही असे गृहीत धरून आखलेली ही पद्धत आहे, आणि तिच्या प्रसाराचे रहस्य यातच आहे.

१७/ वेस्टकॉट यांच्याच लेखनातून पसरलेली दुसरी पद्धत ‘हार्डशेल’ डोंगरांची. पूर्वी तारेच्या जाळीवर प्लास्टरचे जाड थर दिले जात आणि डोंगर भलता जड होई. नव्या पद्धतीत वर्तमानपत्राच्या बोळ्यांवर किंवा पुठ्ठ्याच्या पट्ट्यांच्या जाळीवर, दाट प्लास्टरमध्ये बुडवलेले कागदी टॉवेल पसरायचे. प्लास्टर आवळले की पातळ, पोकळ आणि कडक कवच उरते. आतले बोळे काढून टाकले तरी चालते.

१८/ हे वाचून मराठी वाचकाला ओळखीचे काही आठवले असेल. दिवाळीत आपण किल्ला करतो, तेव्हा विटा रचून त्यांवर मातीच्या चिखलात भिजवलेले गोणपाट पसरतो, आणि मग वर मोहरी किंवा आळीव पेरून हिरवळ आणतो. तत्त्व तेच. आतला आधार, वर भिजवलेले कापड, त्यावर रंगरूप. अमेरिकेतली पद्धत आकृत्यांसह छापली गेली, तिच्यात सुधारणा झाल्या, त्या सुधारणांच्या तारखा सापडतात. गोणपाटाची युक्ती प्रथम कोणत्या वाड्यात, कोणाला सुचली, हे सांगणारा कागद माझ्या पाहण्यात नाही.

१९/ याच पिढीतील आणखी एक दिग्गज जॉन अ‍ॅलन. पेशाने छायाचित्रकार, राहणार कॅलिफोर्नियातील माँटेरे. त्यांच्या मांडणीचे नाव ‘गोरी अँड डॅफेटिड’. हे इंग्रजीत भरभर उच्चारले की ‘रक्तबंबाळ आणि पराभूत’ असे ऐकू येते. तिचे डोंगर जमिनीपासून छतापर्यंत पोहोचत, आणि जागा अधिक भासावी म्हणून त्यांनी खुबीने आरसे लावले होते. त्या काळी बहुतेकांची इंजिने दुकानातून आणल्यासारखी चकचकीत असत. अ‍ॅलन यांनी त्यांवर धूळ, काजळी आणि गंज चढवला. जुनेपणा रंगवण्याची ही कला आज छंदाचा अविभाज्य भाग आहे.

२०/ जानेवारी १९७३ मध्ये अ‍ॅलन वारले. अवघ्या काही दिवसांत त्यांच्या घराला आग लागली आणि जवळजवळ पूर्णत्वास आलेली मांडणी जळून गेली. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध मॉडेल रेल्वेचे अवशेषच काय ते उरले. पण अ‍ॅलन यांचे लेख होते, त्यांनी काढलेली छायाचित्रे होती, आणि डबे मागेपुढे करून जुळवण्याचे ‘टाइमसेव्हर’ हे त्यांचे कोडे त्यांच्या निधनाच्या जेमतेम दोन महिने आधी, नोव्हेंबर १९७२ च्या अंकात छापून आले होते. आज कोणी नव्या डब्यावर गंज चढवतो तेव्हा अ‍ॅलन यांनी रूढ केलेलीच वाट चालतो. वस्तू गेली आणि कृती राहिली, याचे याहून ठळक उदाहरण मला ठाऊक नाही.

२१/ या परंपरेच्या मर्यादाही सांगायला हव्यात. पहिली : कागदावरून हाताला सगळे शिकता येत नाही. प्लास्टर नेमके किती दाट, हे शब्दांत मावत नाही. म्हणून संमेलनांत ‘क्लिनिक’ नावाची प्रात्यक्षिके सुरू झाली. दुसरी : जुन्या अंकांच्या पानांवर लेखक आणि वाचक म्हणून दिसतात ते बहुतांशी पुरुष, घरात एक खोली मोकळी ठेवता येण्याइतपत सुस्थितीतले. सर्वांसाठी खुले असे म्हणताना ‘सर्व’ कोण, हा प्रश्न इतिहासकाराने विचारायलाच हवा. तिसरी : ही मासिके जाहिरातींवर चालत, त्यामुळे फुकट युक्ती आणि विकाऊ माल यांची पाने शेजारी शेजारी असत.

२२/ तरीही या छंदाने सांगण्याला कौशल्याचा दर्जा दिला, हे मोलाचे. एनएमआरए ‘मास्टर मॉडेल रेलरोडर’ हा किताब देते. त्यासाठी अकरा विभागांपैकी सातांत प्रमाणपत्र मिळवावे लागते. इंजिने, डबे, इमारती, निसर्गदृश्ये, रूळ, वीजजोडणी असे विभाग त्यात आहेतच. त्यांच्याच रांगेत एक विभाग ‘लेखक’ असा आहे. म्हणजे उत्तम इंजिन घडवणे आणि ते कसे घडवले हे नीट लिहिणे, या दोन्ही गोष्टींची मोजदाद एकाच वहीत होते.

२३/ आता न्यायालयाकडे वळण्याआधी एक थांबा : एमआयटी हे विद्यापीठ. तिथे १९४६ मध्ये विद्यार्थ्यांचा ‘टेक मॉडेल रेलरोड क्लब’ स्थापन झाला. टेबलाच्या वर डोंगर आणि गाड्या, टेबलाखाली टेलिफोन एक्स्चेंजमधल्या रिलेंचे प्रचंड जाळे. ते सांभाळणाऱ्या ‘सिग्नल्स अँड पॉवर’ उपसमितीत चतुर जोडणीला ‘हॅक’ म्हणत. १९५९ मध्ये पीटर सॅमसन या सभासदाने क्लबच्या बोलीचा छोटा कोश केला, त्यात हा शब्द आहे. हीच मुले पुढे विद्यापीठाच्या टीएक्स-झिरो संगणकाकडे वळली. त्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या कागदी फिती एका खणात ठेवलेल्या असत. कोणीही घ्यावी, सुधारावी, परत ठेवावी.

२४/ स्टीव्हन लेव्ही यांच्या ‘हॅकर्स’ (१९८४) या पुस्तकामुळे ही कथा सर्वतोमुखी झाली. त्याच विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत १९७१ मध्ये रिचर्ड स्टॉलमन आले आणि १९८३ मध्ये त्यांनी मुक्त सॉफ्टवेअरचा जीएनयू प्रकल्प जाहीर केला. रेल्वे क्लबापासून मुक्त सॉफ्टवेअरपर्यंत सरळ रेषा ओढण्याचा मोह होतो, तो आवरावा. विद्यापीठीय संशोधनाची आपली स्वतंत्र परंपरा होतीच. पण फितींचा तो खण आणि मासिकातले वाचकांच्या युक्त्यांचे पान यांच्यामागची रीत एकच आहे, एवढे निश्चित म्हणता येईल.

२५/ १९९०च्या दशकात संगणक टेबलावर परतला. पूर्वी रुळांत वीज सोडली की त्या भागातली सगळी इंजिने एकदम धावत. आता जर्मनीच्या लेन्झ कंपनीच्या पद्धतीचा पाया घेऊन एनएमआरएने ‘डीसीसी’ हे डिजिटल प्रमाण स्वीकारले. प्रत्येक इंजिनात एक छोटा ‘डीकोडर’ असतो आणि त्याला स्वतःचा क्रमांक. डीकोडरमधल्या क्रमांकित कप्प्यांत आकडे भरायचे : पहिल्यात इंजिनाचा पत्ता, तिसऱ्यात वेग घेण्याची गती, चौथ्यात वेग कमी होण्याची. कप्पे पुष्कळ आणि प्रत्येक कंपनीच्या खुब्या निराळ्या.

२६/ ही गुंतागुंत सोडवण्यासाठी बर्कले येथील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट जेकबसन आणि त्यांचे सहकारी यांनी ‘जेएमआरआय’ हा मुक्त-स्रोत प्रकल्प उभारला. कोणत्या कंपनीच्या डीकोडरमध्ये कोणता कप्पा काय करतो, याच्या तपशीलवार फायली स्वयंसेवकांनी तयार केल्या. कृतिलेखाचाच हा नवा अवतार. परवाना होता ‘आर्टिस्टिक लायसन्स’. त्याच्या अटी सोप्या : घ्या, वापरा, बदला, वाटा. पण मूळ कर्त्यांची नावे ठेवा आणि काय बदलले ते नोंदवा.

२७/ पुढे याच क्षेत्रातील एका व्यावसायिकाने आपल्या पेटंटच्या आधारे जेकबसन यांच्याकडे पैशांची मागणी केली. २००६ मध्ये जेकबसन न्यायालयात गेले. त्या व्यावसायिकाच्या विक्रीच्या सॉफ्टवेअरमध्ये जेएमआरआयच्या फायली आढळल्या. कर्त्यांची नावे आणि हक्काच्या सूचना त्यांत नव्हत्या. खटला ‘जेकबसन विरुद्ध कॅटझर’ या नावाने ओळखला जातो. खालच्या न्यायालयाचा कल असा की परवाना इतका मोकळा आहे, की त्याचा भंग फार तर करारभंग ठरेल, स्वामित्वहक्काचा भंग नव्हे. यातली मेख अशी : फुकट दिलेल्या वस्तूचा करार मोडला तर नुकसानभरपाई कशाची मोजणार?

२८/ अपील न्यायालयाने हे मत फिरवले. नाव ठेवणे आणि बदल नोंदवणे या परवान्याच्या मूलभूत अटी आहेत. त्या मोडणारा स्वामित्वहक्काचाच भंग करतो. पैसे घेतले नाहीत म्हणून देणाऱ्याला काहीच मिळत नाही, असे समजू नये. त्याला वापरकर्ते मिळतात, लौकिक मिळतो, इतरांनी केलेल्या सुधारणा परत मिळतात. २०१० मध्ये तडजोड झाली. प्रतिपक्षाने एक लाख डॉलर देण्याचे आणि त्या फायली पुन्हा न वापरण्याचे मान्य केले. मासिकातल्या युक्तीखाली छापलेल्या नावाला काय किंमत असते, हे अशा रीतीने कायद्याच्या भाषेत नोंदले गेले.

२९/ आपल्याकडेही हा छंद आहे. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय आहे. एकदा अवश्य पाहावे, आणि पाहताना गाड्यांबरोबरच टेबलाखालीही डोकवावे. आपल्या हस्तकौशल्याचा बराचसा भाग अजून कागदावर यायचा आहे, आणि तो माहीत असणारी माणसे म्हातारी होत आहेत. किल्ल्याची माती कोणती, आकाशकंदिलाच्या कामट्या किती भिजवायच्या, मखराची कमान कशी तोलायची, हे ज्यांना येते त्यांना विचारा. मापांसकट लिहा. सोबत तारीख, गाव आणि सांगणाऱ्याचे नाव लिहा.

३०/ धागा संपला. तुमच्या घरात किंवा गल्लीत अशी एखादी कृती असेल, तर खाली प्रतिसादात लिहा. चार ओळी पुरेत, पण ज्याच्याकडून शिकलात त्याचे श्रेय द्यायला विसरू नका.